पूजेला बसवलेली फाईल

पिंपरी पेंढारकडून बेल्ह्याला जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण त्यात आमच्या पाणीवापर संस्थेची अब्रू गुंतलेली आहे आणि ती आधीच फारशी शिल्लक नाही. मी, चांगदेव, त्या संस्थेचा संचालक. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. रिटायर होऊन गावात आलो तेव्हा लोक म्हणाले, जग बघितलेला माणूस आहे, बिनविरोध घ्या. बिनविरोध घेतलेल्या माणसाला पुढं कुणी काही विचारत नाही, हे मला नंतर कळलं. मिटिंगला जायचं, चहा प्यायचा आणि चेअरमन बोलले की मान हलवायची, एवढंच काम. माझी मान पहिल्यापासून ताठ, त्यामुळे तेही धड जमत नाही.

संस्थेचं काम तसं सोपं आहे. कालव्याला पाणी सुटलं की ते चारीनं आमच्या शिवारात येतं. कुणाच्या रानात ते कधी आणि किती वेळ जायचं हे संस्था ठरवते. ज्याला पाणी हवं त्यानं दिवाळीच्या आसपास अर्ज द्यायचा. सचिव सुभाष तो कॉम्प्युटरला घालतो, पावती फाडून देतो, आणि पाणी सुटायच्या आधी कॉम्प्युटर पाळीपत्रक छापून देतो. पूर्वी हे पत्रक चेअरमन बाळासाहेब स्वतःच्या हातानं करायचे. तेव्हा त्यांच्या मेव्हण्याचं नाव पहिलं असायचं आणि लोक त्यांना शिव्या द्यायचे. आता मेव्हण्याचं नाव पहिलंच असतं, पण ते कॉम्प्युटर लावतो. मशीनला शिव्या देऊन कुणाचं समाधान होत नाही, म्हणून लोकांनी तो नाद सोडला.

यंदा रब्बीचं पहिलं पाणी दोन दिवसांवर आलं तेव्हा पाटकरी गोरखनं संस्थेच्या पडवीत पत्रक वाचायला घेतलं. पाटकरी म्हणजे चारीवरून फिरून ज्याचं पाणी त्याला सोडून देणारा माणूस. गोरखला माईक लागत नाही. तो पडवीत बोलला की मारुतीच्या देवळात बसलेल्यांना ऐकू जातं.

पहिलं नाव मेव्हण्याचं आलं. ते कुणी ऐकलंसुद्धा नाही. दुसरं ज्या रानाचं आलं तिथं उन्हाळ्यातच मंगल कार्यालय उभं राहिलंय.

"द्राक्षबाग, आठ तास," गोरखनं वाचलं.

"नवरदेवाला आंगूळ घाला राव आठ तास!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी पडवी हसली.

गोरखही हसला आणि त्याच सुरात पुढचं वाचून गेला, "भागू. कांदा, सहा तास."

मग एकदम कुणी हसेना. भागू श्रावणात वारला होता. पडवीत बसलेल्या निम्म्या लोकांनी त्याला खांदा दिला होता. त्यात गोरख होता आणि मीही होतो. भागूची बायको प्रयागबाई पायरीवर बसून आपलं नाव यायची वाट बघत होती. ती उठून उभी राहिली.

"माजं नाव कुठाय?"

गोरखनं कागद उलटेपालटे केले. "न्हाई वहिनी. तुमचं न्हाई दिसत."

मग बाकीच्यांनीही कागदावर झडप घातली. एकानं यंदा कांदा लावलेला, पत्रकात गहू. एकानं रान विकलेलं, तरी पाणी त्याच्याच नावावर. ज्यांचं काहीच बदललं नव्हतं ते जिथल्या तिथं होते, आणि ज्यांनी यंदा काहीही नवं केलं होतं ते कुठंच नव्हते. मागच्या वर्षीचं पत्रक यंदाची तारीख घालून बाहेर आलं होतं.

आरडाओरडा ऐकून बाळासाहेब बाहेर आले. प्रयागबाईनं पिशवीतून पावती काढून त्यांच्यापुढं धरली. तिच्यावर स्वच्छ छापलेलं होतं: सभासद प्रयागबाई भागू, नोंद झाली, धन्यवाद.

"पावती कागदाची, वहिनी," बाळासाहेब म्हणाले. "नोंद कॉम्प्युटरची. कागद काय, कुनीबी छापंल."

"हा कुणी छापला?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरनं."

"मग?"

"चांगदेवराव, तुमी मधी बोलू नगा."

हातात तिकीट असलेल्या माणसाला 'तू गाडीत बसलेलाच नाहीस' असं सांगायची पद्धत आमच्या एसटीत नव्हती. आम्ही काही साधुसंत नव्हतो, पण एवढी मजल आमचीही कधी गेली नाही.

आता सुभाष पुढं झाला. सुभाष स्वभावानं वाईट नाही. फक्त नियम सांगताना त्याच्या तोंडावर असा भाव येतो की जणू तो सत्यनारायणाची पोथी वाचतोय.

"काकू, पानी भागूनानांच्या नावावर हाय. तवा नानांची सही लागंल," तो म्हणाला. "त्यास्नी यायला जमत नसंल तर त्यांचं अधिकारपत्र आना."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो चेष्टा करत नव्हता.

बाळासाहेबांना मात्र लोकांच्या नजरा कळतात, म्हणून तर ते चेअरमन आहेत. त्यांनी सुभाषला मागं सारलं आणि आवाजात साखर घातली. "कशाला वाढवता, वहिनी? भागूच्या नावानं घ्या की पानी. अंगठा ठोका, मोकळ्या व्हा. पान्याला काय कळतंय कुनाचं नाव हाय ते?"

"पान्याला नसंल कळत. मला कळतंय," प्रयागबाई म्हणाली. "श्रावनात तुमीच पुढं व्हऊन खांदा दिला ना, भाऊ? आन आता मी त्यास्नी जित्तं दावू? वारसाचं समदं केलंय मी. तलाठ्याकडं खेटे घातले. सातबाऱ्याला नाव लागलं. मग हितंच का न्हाई?"

सगळ्यांना माहीत होतं ते इथं सांगितलं पाहिजे. आमच्या पोटनियमात एक कलम आहे: सभासद वारला आणि रब्बीच्या पहिल्या पाण्याआधी वारसाची नोंद झाली नाही, तर पुढच्या सालापासून त्या रानाचं पाणी संस्थेकडं जमा होतं. ते कलम कुणी घातलं आणि जमा झालेलं पाणी कुणीकडं वाहतं, हे विचारायचं नसतं. म्हणजे प्रयागबाईनं मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पाणी घेतलं, तर तिचा यंदाचा कांदा जगणार, पण पुढच्या सालापासून रान कायमचं कोरडं. घेतलं नाही, तर कांद्याची रोपं आत्ताच माना टाकणार. ती नुकतीच लावून झाली होती आणि तिच्या विहिरीनं तळ दाखवला होता. बाईला दोन्हीकडून पकडायची इतकी नामी सोय मी दुसरी बघितलेली नाही. माझं डोकं फिरलं ते तिथंच.

दुपारी संचालकांची तातडीची मिटिंग भरली. चहा आला. नोंदी कुठं गेल्या यावर चर्चा झाली. एकजण म्हणाला व्हायरस. दुसरा म्हणाला उंदीर. तिसऱ्याला यात विरोधी पॅनेलचा हात दिसला. चौथ्यानं सांगितलं की परवा संस्थेच्या आवारात बिबट्या आला होता, वायरी त्यानंच ओढल्या असतील. आमच्या जुन्नर तालुक्यात काहीही नाहीसं झालं की पहिला संशय बिबट्यावर येतो. शेळी, कोंबडी, कुत्रं, इथपर्यंत मी समजू शकतो. अर्ज खाणारा बिबट्या मी पहिल्यांदाच ऐकला.

शेवटी बाळासाहेबांनी ठराव मांडला: संस्थेचा आपल्या कॉम्प्युटरवर पूर्ण विश्वास आहे, कॉम्प्युटर सांगेल तेच खरं, बाकी सगळं गैरलागू. मी सोडून सगळ्यांनी हात वर केले. सुभाषनं प्रोसिडिंग लिहिलं, 'चांगदेव यांच्या विरोधासह ठराव एकमताने मंजूर.'

मी घरी आलो आणि जुन्नरला कासमभाईंना फोन लावला.

कासमभाईंची ओळख करून द्यायला हवी. खेड्यापाड्यांत कॉम्प्युटर नवे नवे आले तेव्हा या माणसाचा जुन्नरात क्लास होता. आमच्यासारख्या कितीतरी संस्थांना त्यांनी प्रोग्रॅम लिहून दिले, सगळे फॉक्सप्रोमध्ये. फॉक्सप्रो ही नोंदी ठेवायच्या कामाची जुनी भाषा. जगानं तिला कधीच रामराम ठोकला. आमच्याकडं ती अजून सुखानं नांदते, कारण तिला काढायचं तर ठराव करावा लागेल. पुढं क्लास बंद पडला आणि कासमभाईंनी पंपाच्या सामानाचं दुकान टाकलं. आता ते वॉशर आणि व्हॉल्व्ह विकतात, आणि कॉम्प्युटरपेक्षा पंप बरा म्हणतात, कारण बिघडला तर निदान आवाज करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासमभाई मोटरसायकलवरून आले. सुभाषनं नाखुशीनं खुर्ची सोडली. मी त्यांच्या मागं उभा राहिलो. बाळासाहेब येऊन बाकावर बसले, शेजारी त्यांचा मेव्हणा. गोरख खिडकीशी. प्रयागबाई बोलावल्याशिवाय आली होती आणि दाराच्या चौकटीला धरून बाहेरच उभी होती.

कासमभाईंनी स्वतःच्याच नावानं एक खोटा अर्ज भरला. कासम, भुईमूग, दोन तास. कॉम्प्युटर म्हणाला, 'नोंद झाली, धन्यवाद.' प्रिंटरमधून पावतीही आली. मग त्यांनी तीच नोंद शोधली. सापडेना.

"या अल्ला," ते पुटपुटले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आलं ध्यानात. ती ओळ मीच लिहिलेली."

"कोणती?" मी विचारलं.

"एरर आली तर काई बोलू नको, पुढं चल. त्या टायमाला एरर आली की लोक घाबरायचे. जेवायच्या ताटावरून उठवायचे मला. मग मी प्रोग्रॅमलाच सांगून टाकलं, गप बस."

"म्हणजे काम झालं नाही तरी 'नोंद झाली, धन्यवाद' म्हणायचं?"

"हां."

"कासमभाई, मग हा प्रोग्रॅम तुम्ही खास आमच्या संस्थेसाठीच लिहिलेला दिसतोय."

बाळासाहेब खाकरले. कासमभाई हसले नाहीत, कारण एव्हाना त्यांना कामाची तार लागली होती. प्रोग्रॅम बंद करून त्यांनी एक कोरी खिडकी उघडली. "चूक झाकली गेली, हे कळलं. पन चूक काय झाली ते कळलं न्हाई. आता फाईलचीच चौकशी करू. एडिर नावाचं एक फंक्शन असतंय. फाईलच्या आत काय लिवलंय ते त्याला नको. फाईल बाहेरून कशी हाय तेवढंच ते सांगतं. तिचं नाव, तिचा आकार, तिच्यात शेवटचं लिवलं ती तारीख, वेळ, आन शेवटच्या खान्यात तिचे गुण."

"गुन?" गोरख खिडकीतून म्हणाला. "फाईलला कसले गुन आले?"

"लपवलेली हाय का, मशीनच्या सोताच्या कामाची हाय का, नुसती वाचायची हाय का. एकेका गुनाची जागा ठरल्याली. गुन असला तर तिथं अक्षर, नसला तर टिंब."

मला हे फंक्शन फार आवडलं. माणसाच्या पोटात न शिरता त्याची सगळी कुंडली बाहेरूनच मिळते, याहून चांगलं काय? आमच्या संचालक मंडळाला ते लावावं असं माझ्या मनात आलं. नाव तर माहीतच होतं. बाळासाहेबांकडं बघून मी आकाराचा खाना मनातल्या मनात भरूनही टाकला. शेवटचं काम केल्याची तारीख या खान्यापाशी मात्र अडलो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर स्वतःपाशीही अडलो.

कासमभाईंनी ओळ लिहून बटण दाबलं. पडद्यावर फाईलचं नाव आलं, आकार आला. तारखेवर त्यांनी बोट ठेवलं. ती नवरात्रातली होती.

"दसऱ्याच्या आधीपासून या फाईलीत एक अक्षर लिवलं गेल्यालं न्हाई," ते म्हणाले.

"आरं, दिवाळीभर मी लिवतोय!" सुभाष कळवळला. "बोटं मोडली माजी."

"तुमी लिवलं. तिनं घेतलं न्हाई." कासमभाईंचं बोट शेवटच्या खान्यात गेलं. तिथं टिंबांच्या आधी, पहिल्याच जागी एक अक्षर होतं. "हे बघा. आर. नुसती वाचायची. हिच्यात कुनाला काई लिवता येत न्हाई. कुनीतरी मुद्दाम कुलूप घातलंय."

बाळासाहेब ताडकन उठले. "मी म्हनलं व्हतं! विरोधी पॅनेल! कोन घुसला व्हता हापिसात? आत्ताच्या आत्ता पोलिसात देतो. घरी कॉलेजला जानारं कोन हाय त्यांच्यात? सुभाष, नावं लिव."

सुभाषनं पेन उचललं नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सायेब," तो म्हणाला, "ते मीच केलं."

मग त्यानं सांगितलं ते असं. खंडेनवमीला आमच्या संस्थेत हत्यारांची पूजा होते. चारीच्या गेटची चावी, फावडं, टिकाव आणि कॉम्प्युटर. पूजा केलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फावड्याचं बरं असतं, ते भिंतीला टेकवलं की आपोआप विश्रांती घेतं. कॉम्प्युटर मात्र चालू ठेवावा लागतो, कारण बाळासाहेबांना पूजेच्या फोटोत पडदा उजळलेला लागतो. अंधाऱ्या पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकला की विरोधक विचारतात, बंद पडलाय का? मागच्या खंडेनवमीला बाळासाहेबांनी कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं तेव्हा बटणं दाबली गेली आणि एका सभासदाचं उसाचं रान दुसऱ्याच्या नावावर गेलं. ते निस्तरता निस्तरता सुभाषला संक्रांत उजाडली. म्हणून यंदा त्यानं भाच्याला विचारून ठेवलं होतं. भाच्यानं दाखवलं, फाईलवर उजवं बटण दाबायचं आणि एका चौकोनात टिचकी मारायची. मग कुणी कितीही कुंकू वाहिलं तरी फाईल ढिम्म हलत नाही.

"मी म्हनलं, देवाच्या दिवशी त्यालाबी जरा इसावा," सुभाष म्हणाला. "चालूबी ऱ्हाईल आन कामबी करनार न्हाई."

"मग दुसऱ्या दिवशी काढलं का नाही?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी व्हती. मग इसरलो."

असा सगळा प्रकार. दसऱ्यापासून आमचा कॉम्प्युटर पूजेला बसलेला होता. गावानं रांगा लावून अर्ज दिले, सुभाषनं बोटं मोडेपर्यंत ते घातले, आणि बसल्या जागेवरून कॉम्प्युटरनं प्रत्येकाला धन्यवाद दिले.

दोषी आपल्याच घरात निघाला म्हटल्यावर बाळासाहेबांचा नूर पालटला. ते पुन्हा बाकावर बसले. पोलीस मागं पडले. "ही तर धार्मिक बाब झाली," ते म्हणाले. "यात चूक कुनाचीच न्हाई. आन पूजेला बसवल्यालं असं मधीच कसं उठवायचं? गुरुजींना इचारू, मुहूर्त काढू. तवर छापलंय तसं चालू द्या. काय?"

मेव्हण्यानं मान डोलावली. त्याच्याइतका धार्मिक माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

"बाळासायेब," दारातून आवाज आला. प्रयागबाई अजून चौकट धरून उभी होती. "खंडेनवमीला मीबी खुरपं पुजलं. घरात कोन न्हाई म्हनून राह्यले न्हाई, पुजलं. आन दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं. नवमीला हत्यार ठिवायचं आन दसऱ्याला उचलायचं, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. तुमी ठिवलं ते ठिवलंच. आन आता त्याच्यासाठी मुहूर्त मागताय? माजी रोपं मुहूर्त बघत्यात व्हय?"

बाळासाहेब गोरेमोरे झाले, पण चेअरमनला शेवटी कायदा आठवतो. "तसं न्हाई वहिनी. पन ठराव झालाय. कॉम्प्युटर सांगंल तेच खरं. ठरावाच्या भायेर मला जाता येत न्हाई."

मी या वाक्याची कालपासून वाट बघत होतो.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर पूर्ण विश्वास. आणि आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरनंच सांगितलं की दसऱ्यापासून त्याला कुणी काही लिहू दिलेलं नाही. म्हणजे छापलेलं पत्रक मागच्या सालचं, हे त्याचंच म्हणणं झालं. आता त्याच्यावर अविश्वास दाखवायचा असेल तर नवीन मिटिंग बोलवा. उद्या बेल्ह्याचा बाजार आहे. कोरम होतो का बघा."

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी आमच्याकडं कोरम होत नाही. निम्मे संचालक बैल बघायला जातात आणि उरलेले निम्मे त्यांनी घेतलेल्या बैलांना नावं ठेवायला. बाळासाहेब बोटांवर संचालक मोजायला लागले. तेवढ्यात कासमभाईंनी कुणाच्या परवानगीची वाट न बघता ती टिचकी काढून टाकली, तेच फंक्शन पुन्हा चालवलं, आणि आरच्या जागी टिंब आलेलं सगळ्यांना दाखवलं. ती गप्प बसायची ओळही त्यांनी काढून टाकली. "आता चूक झाली तर बोंबलंल," ते म्हणाले. "फोन मात्र मला करू नका."

सुभाष कपाटातून अर्जांचे गठ्ठे काढायला गेला तेव्हा बाळासाहेबांनी कासमभाईंना कोपऱ्यात घेतलं. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. घरघरत्या एसटीत मागच्या सीटवरची कुजबूज ऐकून तिकिटं फाडलेला माणूस आहे मी.

"कासमभाई, ती आर आपल्या मतदार यादीला लावता येती का? हाय तशीच ऱ्हावी, म्हनून."

"लावता येती. पन मग मेलेलीबी मतं टाकतील."

"ती तर आत्ताबी टाकत्यात," बाळासाहेब म्हणाले.

गठ्ठे टेबलावर आले. पहिला अर्ज प्रयागबाईचा घ्यायचा हे कुणी सांगावं लागलं नाही. तेवढी लाज सुभाषला होती. त्यानं नाव घातलं, गट नंबर घातला, पीक म्हणून कांदा घातला. मग पडद्यावर एक चौकट आली आणि त्याचा हात थांबला. दिवाळीभर त्यानं असल्या चौकटी न वाचताच बटण दाबून पुढं ढकलल्या असणार. आज वाचली.

"काकू," तो वळून म्हणाला. त्याच्या आवाजात आज पोथी नव्हती. "नानांचं नाव काढायचं का, असं इचारतंय. ते काढल्याबिगर तुमचं लागत न्हाई."

प्रयागबाई चपला काढून आत आली. सुभाषच्या खुर्चीमागं उभी राहून तिनं पडद्यावरचं एकेक अक्षर जुळवत वाचलं. वर भागूचं नाव होतं, खाली 'हो' आणि 'नाही'. कालपासून ती या एका नावाशी भांडत होती, आणि आता ते काढायला तिचीच परवानगी मागितली जात होती. मला राग करायला एवढ्या माणसांत एकही माणूस सापडेना, आणि राग नसला की माझी फार पंचाईत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो.

कासमभाई हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, काढलं तरी नाव लगेच पुसत न्हाई. नुसती खूण व्हती त्याच्यावर. दिसत न्हाई, पन आत ऱ्हातं."

"आत ऱ्हातं?"

"हां."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग काढा," ती म्हणाली.

बाकीचे अर्ज घालून होईपर्यंत दिवस कलला. कॉम्प्युटरनं मधे दोनदा चूक दाखवली आणि दोन्हीदा सुभाष दचकला, पण नोंदी झाल्या. नवं पाळीपत्रक निघालं. मंगल कार्यालयाचं पाणी गेलं. या खेपेला पत्रक सगळ्यांदेखत निघालं, त्यामुळे मेव्हण्याचं नाव खाली घसरलं आणि त्याला एकाएकी घरी काम निघालं. गोरखनं पडवीत उभं राहून पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि प्रयागबाईचं नाव आलं तेव्हा देवळात बसलेल्यांनीही ते ऐकलं असणार.

"परवा दिस उगवायला तुमचं पानी, वहिनी," त्यानं पायरीकडं बघून सांगितलं. "वाफ्यात पानी वळवाया, दारं धराया कोन येनार? गड्याचं नाव सांगून ठिवा, म्हंजी मला चारीवरनं त्याला हाळी देता येईल."

"मीच येनार," प्रयागबाई म्हणाली. "इतकी वर्सं कोन धरीत व्हतं?"

गोरखनं मान पुन्हा कागदात घातली. इतकी वर्षं तो चारीवरून त्या रानाकडं तोंड करून 'ए भागू, पानी आलं रं' अशी हाळी देत आला होता. वाऱ्याच्या दिवसात ती माझ्या अंगणापर्यंत यायची. आणि दर वेळी वाफ्यातून उलट 'ओ' यायची, ती बाईच्या आवाजात.